दस्त्यात मावणारी बंदूक : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

कोणी वाचावी

शनिवार-रविवार डोंगरात जाणाऱ्या आणि उरलेले पाच दिवस डोंगरात आपलं काय काय बिनसू शकतं याचे व्हिडिओ बघणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी माणसासाठी ही मार्गदर्शिका आहे. अस्वल अजून भेटलेलं नाही, पण भेटलं तर काय करायचं याचा बेत मात्र पक्का आहे, अशांनी ती हाताशीच ठेवावी. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, उपयोग काही व्हायचा नाही एवढंच. दस्त्यात मावणारी ही एआर-७ रायफल अमेरिकेत दुकानात आली १९५९ साली, आणि आपल्याकडचा शस्त्र कायदाही नेमका १९५९ सालचाच. राजमाचीला रायफल घेऊन निघालेला माणूस लोणावळा स्टेशनाबाहेर पडेपर्यंत त्याची बातमी झालेली असेल. शिवाय सह्याद्रीत माणसाचे हाल करतात ते आग्यामोहोळ, दुपारी बारालाच संपलेलं पाणी आणि शेवाळलेला कातळ. यांतल्या कोणावरही नेम धरता येत नाही.

पायरी पहिली : वस्तूच्या प्रेमात पडावं

प्रेमात पडल्याशिवाय ही खरेदी होत नाही, आणि पडण्यासारखं तिच्यात खरोखरच आहे. एआर-७ ही या जातीतली सगळ्यात नावाजलेली रायफल. ती आखली युजीन स्टोनर यांनी. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या हाती गेलेली एम-१६ ज्या रायफलीवरून घडली, तीही त्यांचीच. एआर-७ची नळी, मधली यंत्रणा आणि मॅगझिन हे तिन्ही भाग नुसत्या हाताने सुटे होतात. ना पान्हा लागतो, ना स्क्रूड्रायव्हर. मग ते सगळे पोकळ प्लास्टिकच्या दस्त्यात जाऊन बसतात. मागचं झाकण दाबून बसवलं की हातात उरतो एक जाडसर, गरीब दिसणारा ठोकळा. लांबी साडेसोळा इंच, वजन सुमारे १.६ किलो. मूळची एआर-७ पाण्यात पडली तर तरंगायची, अशी तिची ख्याती होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती एकदा जोडून, पुन्हा मोडून, पुन्हा दस्त्यात भरली की माणसाला जे समाधान मिळतं ते नाकारण्यात अर्थ नाही. बहुतेक लोक ती या समाधानासाठीच घेतात. मात्र बायकोला, नवऱ्याला किंवा भूकंपाला घाबरणाऱ्या सासूबाईंना कारण वेगळं सांगावं लागतं. ते कारण म्हणजे ‘इमर्जन्सी’.

आर्मालाइट कंपनीकडून ही रायफल १९७३ मध्ये चार्टर आर्म्सकडे गेली, मग आणखी एका कंपनीकडे, आणि १९९७ पासून ती हेन्री बनवते. हेन्रीचं बिऱ्हाड बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात होतं. जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी माणसाला ‘आपल्या बाजूचीच कंपनी’ म्हणायला एवढं पुरेसं आहे.

१९६३ सालच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या चित्रपटात जेम्स बॉन्डजवळ हीच एआर-७ आहे. आपल्यामागे लागलेल्या हेलिकॉप्टरमधल्या माणसाला तो हिने टिपतो, त्या माणसाच्या हातातला ग्रेनेड आतच पडतो आणि हेलिकॉप्टर जमीनदोस्त होतं. नवशिक्यांनी हे दृश्य जरूर पाहावं, फक्त एक ध्यानात घ्यावं : त्या हेलिकॉप्टरने ग्रेनेड स्वतःच आणला होता. अस्वलं आणत नाहीत.

दुसरे पर्यायही आहेत. रुगर कंपनीची १०/२२ ही अमेरिकेत घरोघरी असलेली रायफल २०१२ पासून दोन तुकड्यांत मोडणाऱ्या अवतारातही मिळते. ती थोडी जड आहे, पण नेमाला आणि भरवशाला एआर-७पेक्षा सरस. मधोमध दुमडणारी, एका वेळी एकच गोळी झाडणारी इटालियन ‘लिटल बॅजर’ आहे, ती दिसायला कपड्यांच्या हँगरच्या कुळातली. आणि एक नळी रायफलीची, दुसरी छर्ऱ्यांची अशी जुनी सॅव्हेज २४ आहे. ती एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात सापडली तर विचार न करता घ्यावी, असं जाणकार म्हणतात.

ही बंदूक मुळात कोणाची

ही पायरी नाही, पण ओलांडून पुढे जाता येणार नाही. या सगळ्या घराण्याचं मूळ विमानात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाला प्रश्न पडला होता की उत्तर ध्रुवाकडच्या निर्मनुष्य बर्फात विमान कोसळलं आणि वैमानिक वाचला, तर शोधपथक पोहोचेपर्यंत त्याने खायचं काय? त्यासाठी एम-४ झाली, मग एम-६. एम-६ म्हणजे वर .२२ हॉर्नेटची नळी, खाली छर्ऱ्यांची, मधोमध दुमडणारी. तिला नेहमीचा चाप नव्हता. त्याजागी एक लांब पट्टी होती, जाड हातमोज्यातल्या सुजलेल्या बोटांनीही दाबता यावी म्हणून. दस्त्यात काडतुसांसाठी खोबण्या होत्या : नऊ रायफलीची, चार छर्ऱ्यांची. तेराच्या तेरा मोजून. ज्याने हे आखलं त्याने बर्फात बसलेला, बोटं बधिर झालेला माणूस डोळ्यांसमोर आणला होता, हे त्या पट्टीवरून कळतं. एआर-७ची थोरली बहीण एआर-५, तीही हवाई दलासाठीच झालेली. आजही अमेरिकेच्या काही लढाऊ विमानांत वैमानिकाच्या आसनाखाली मोडून ठेवलेली रायफल असते.

रशियन त्याच्याही पुढे गेले. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह अंतराळात चालणारा पहिला माणूस ठरला. परत येताना त्याचं आणि पावेल बेल्यायेव्हचं यान ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पर्म भागातल्या घनदाट तैगा जंगलात उतरलं. कमरेइतका बर्फ, कडाक्याची थंडी, लांडगे-अस्वलांचा मुलूख, आणि जवळ एक साधं पिस्तूल. सुटका होईपर्यंत त्यांनी दोन रात्री तिथे काढल्या. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांसाठी टीपी-८२ हे तीन नळ्यांचं खास पिस्तूल तयार झालं. दोन नळ्या छर्ऱ्यांच्या, एक गोळीची, आणि मागे लावायचा दस्ता म्हणजे म्यान घातलेला कोयता. १९८६ पासून पुढची वीसेक वर्षं ते सोयूझ यानातून अंतराळात जात-येत होतं.

हे सगळे आकाशातून पडलेले लोक. कुठे पडणार हे त्यांच्या हातात नव्हतं, बरोबर काय घ्यायचं तेही नव्हतं, आणि पडल्या जागी बसून राहणं हेच त्यांचं काम होतं. आपण डोंगरात जातो ते टोयोटातून. गाडी पार्किंगमध्ये उभी असते, तिच्यात अर्धवट प्यायलेली कॉफी असते आणि संध्याकाळी पाच वाजता कोणाकडे तरी मुलाची मुंज किंवा बारसं असतं. आपल्यावर संकट येतं तेव्हा प्रश्न ‘इथे महिनाभर काय खाऊ’ असा नसतो, ‘मुरगळलेल्या पायाने तीन मैलांवरच्या गाडीपर्यंत कसा जाऊ’ असा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर हा फरक आडवा येणार आहे.

पायरी दुसरी : कागदपत्रं

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी इथे पेन खाली ठेवावं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही मना आहे. गुन्हा गंभीर आहे, आणि व्हिसा जातो तो वेगळाच. मित्राची रायफल ‘जरा धर’ म्हणून धरणं हेही बाळगण्यात मोडू शकतं. कायद्यात एक पळवाट आहे : एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल तर चालतं. त्यामुळे ज्यांच्या घरी अंड्याचं पातेलं वेगळं असतं, अशा घरातला मुलगा ‘फक्त सुरक्षिततेसाठी’ हरणांच्या शिकारीचा परवाना काढायला रांगेत उभा असलेला दिसू शकतो. परवान्यासाठी सहसा वर्ग करावा लागतो, आणि तो मात्र चांगला असतो. बंदुकीचं तोंड कुठे असावं हे तिथे जितकं नीट शिकवतात तितकं व्हिडिओत कोणी शिकवत नाही.

ग्रीन कार्ड आलेल्यांना रायफल घेता येते. वय अठरा पूर्ण हवं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासली जाते. त्यावर राज्याराज्यांचे कायदे. न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात लागत नाही. दोन राज्यांच्या मधून डेलावेअर नदी वाहते आणि अ‍ॅपलाचियन ट्रेल ती ओलांडते, त्यामुळे सकाळच्या चहाला एका कायद्यात आणि दुपारच्या डब्याला दुसऱ्या कायद्यात असा योग येऊ शकतो.

लांबीचंही शास्त्र आहे. १९३४ च्या कायद्याने रायफलीची नळी सोळा इंचांपेक्षा आणि छर्ऱ्यांच्या बंदुकीची अठरा इंचांपेक्षा आखूड असली तर वेगळी नोंदणी लागते. हवाई दलाच्या एम-६ची नळी चौदा इंच होती, म्हणून ती सामान्य ग्राहकाला विकताना अठरा इंच करावी लागली. एआर-७ची नळी सोळाहून केसभर जास्त आणि मिटलेला दस्ता साडेसोळा, ते याच कायद्यामुळे. तिचं माप वैमानिकाने नाही, वकिलाने घेतलेलं आहे.

आता राष्ट्रीय उद्यानं. २२ फेब्रुवारी २०१० पासून तिथे राज्याच्या कायद्यात बसेल तशी बंदूक जवळ ठेवता येते. झाडता मात्र येत नाही, आणि बहुतेक उद्यानांत शिकारीलाही बंदी आहे. म्हणजे ती न्यायची, वाहायची आणि परत आणायची. योसेमिटीत तर आणखी मजा आहे. तिथे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा न्यायला बंदी आहे, बंदूक मात्र कायद्यात बसत असेल तर नेता येते. या नियमामागे काही तर्क असेलच. तो शोधायला नवशिक्याने वेळ घालवू नये.

पायरी तिसरी : पिशवी भरावी

रायफल १.६ किलो. पन्नास काडतुसांची पेटी पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात. साफ करायची दोरी, तेलाची बाटली, कुलूप. एकूण भार दोन किलोच्या आसपास.

सिअ‍ॅटलची ‘द माउंटेनियर्स’ ही १९०६ पासूनची गिर्यारोहकांची संस्था. डोंगरात जाताना लागणाऱ्या दहा गोष्टींची तिची यादी १९३० च्या दशकात सुरू झाली आणि आजही अमेरिकाभर तीच शिकवतात. नकाशा-होकायंत्र, डोक्याला लावायची बत्ती, उन्हापासून बचाव, प्रथमोपचार, सुरी, आग पेटवायचं साधन, आडोसा, जास्तीचं खाणं, जास्तीचं पाणी, जास्तीचे कपडे. रायफल अकरावी आली असती तरी समजून घेतलं असतं, पण ती यादीत कुठेच नाही. वर ती पिशवीत घालायची तर दोन किलोंचं काहीतरी बाहेर काढावं लागतं, आणि नवशिका हमखास काढतो ते पाणी आणि स्वेटर. त्यानंतर जी आणीबाणी येते तिच्यात रायफलीचाही थोडा वाटा असतो. खायला काळ अन् भुईला भार असं एखाद्या ऐतखाऊ पाहुण्याबद्दल म्हणतात, ते या ठोकळ्याला चढावर नेमकं लागू पडतं.

पायरी चौथी : अस्वल

सगळे याच पायरीची वाट पाहत असतात.

दस्त्यात बंद असलेली एआर-७ अस्वल दिसल्यावर अशी बाहेर काढावी. पाठपिशवी उतरवावी. अस्वल आता नव्वद मीटरवर आहे. दस्त्याचं झाकण उघडावं, तुकडे बाहेर काढावेत, पैकी एकही गवतात पडू देऊ नये. यंत्रणेचा भाग दस्त्याला लावून खालचा स्क्रू आवळावा. नळीवरची खूण खाचेत बसते आहे ना ते पाहावं आणि नळीची चकती फिरवत घट्ट करावी. उलट फिरवू नये. मॅगझिन लावावं. ग्रिझली अस्वल तासाला पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं, म्हणजे नव्वद मीटर ते साडेसहा सेकंदांत संपवतं. चकतीच्या दुसऱ्या वेढ्याला ते तुमच्याबरोबर असेल.

समजा, तुम्ही ती आधीच जोडून हातात धरलेली होती. तिच्या .२२ लाँग रायफल काडतुसातली गोळी असते सुमारे २.६ ग्रॅमची. सशाला, खारीला ती बेतशीर आहे. अडीच-तीनशे किलोंच्या ग्रिझलीला तिने मारता येतं का? येतं, आणि ते कोणी केलं हेही जगजाहीर आहे. १९५३ साली कॅनडातल्या अल्बर्टात बेला ट्विन या क्री जमातीच्या बाईने एकेरी .२२ रायफलीने एक अवाढव्य ग्रिझली मारलं, त्या काळी ते विक्रमी मोजलं गेलं. ही गोष्ट दुकानात, तळावर, शेकोटीभोवती तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवली जाईल. बेलाबाईंचं अख्खं आयुष्य जंगलात सापळे लावण्यात गेलेलं होतं, अस्वलाच्या कवटीत पातळ हाड कुठे असतं हे त्यांना ठाऊक होतं आणि अंतर हाकेपेक्षाही कमी होतं, हा भाग सांगणारे गाळतात.

मोठ्या बंदुकीचं तरी काय? टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो या अस्वल-अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह अलास्कातल्या २६९ घटना तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. बंदूक जवळ असून वापरलेले आणि जवळ असून न वापरलेले, या दोन गटांत माणसाला इजा होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी फवाऱ्याचा अभ्यास केला होता. त्यात अस्वल अगदी जवळ आलं असताना फवारा वापरलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नव्हती. त्या डब्यात असतं काय, तर मिरचीतलं तेच जाळ करणारं द्रव्य. डबा पावकिलोच्या आसपास, कमरेला अडकवता येतो, जोडावा लागत नाही, आणि घाबरलेल्या माणसाचा नेम थोडा चुकला तरी ढग पसरतो. यलोस्टोनमध्ये उद्यानाचेच लोक तो न्यायला सांगतात, आणि अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहायलाही. विमानात मात्र तो नेता येत नाही, तिथे पोहोचल्यावरच विकत घ्यावा.

थट्टा जरा बाजूला ठेवतो. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यू जर्सीतल्या वेस्ट मिलफर्डजवळच्या जंगलात पाच मित्र फिरायला गेले होते. पुढे अस्वल आहे, परत फिरा, असं वाटेत भेटलेल्यांनी त्यांना सांगितलं होतं. ते पुढे गेले, फोटो काढले. अस्वल मागे लागल्यावर पाचही जण पाच दिशांना पळाले, आणि त्यांतला एक तरुण परत आला नाही. न्यू जर्सीत काळ्या अस्वलाने माणूस मारल्याची ती पहिलीच नोंद. त्या मुलांना काय हवं होतं याचा विचार केला की बंदूक सगळ्यात शेवटी आठवते. मागे फिरणं, एकत्र उभं राहणं, मोठ्याने ओरडणं, पाठ न दाखवता हळूहळू सरकणं, याला वजन काहीच नाही. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांत अपघाती मृत्यू होतात ते मुख्यतः गाड्यांच्या धडकेत, पाण्यात बुडून आणि कड्यावरून पडून. अस्वल त्या यादीत फार खाली आहे. पण नदी ओलांडायचे व्हिडिओ कोणी रात्री जागून बघत नाही.

पायरी पाचवी : भूक

अस्वलाचा विचार संपला की रायफलवाला म्हणतो, ‘ते जाऊ दे, शिकार करून पोट तर भरता येईल.’ या वाक्यावर घाईने मान डोलवू नये.

जगण्याचा हिशोब शिकवणारे लोक तिनाचा पाढा म्हणतात : हवेशिवाय तीन मिनिटं, बोचऱ्या थंडीत आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. आकडे ढोबळ आहेत, क्रम बरोबर आहे. रायफल ज्याच्यावर इलाज आहे तो आजार शेवटचा आहे, आणि चतुर्थीचे उपास करणाऱ्या समाजाला दोन दिवस उपाशी राहण्याची एवढी धास्ती का वाटावी हे मला कळलेलं नाही.

तरीही शिकारीवर माणूस किती काळ काढू शकतो याचा एक खरा दाखला आहे, आणि तो .२२ रायफलीचाच आहे. २८ एप्रिल १९९२ रोजी ख्रिस मॅककँडलेस नावाचा तरुण अलास्कात स्टँपीड ट्रेलवर एकटा आत शिरला. जवळ रेमिंग्टनची .२२ रायफल, भरपूर काडतुसं, साडेचार किलोंच्या आसपास तांदूळ, काही पुस्तकं. जंगलात पडलेल्या १४२ नंबरच्या जुन्या बसमध्ये त्याने मुक्काम केला. जॉन क्राकाउअरच्या ‘इन्टू द वाइल्ड’ या १९९६ च्या पुस्तकामुळे आणि नंतरच्या चित्रपटामुळे ही हकिकत जगभर गेली, पण ती रायफलीच्या बाजूने वाचलेले लोक थोडे.

त्याचा नेम वाईट नव्हता. खारी, रानकोंबड्या, बदक, साळिंदर असं त्याने मारलं, खाल्लं आणि टिपून ठेवलं. ९ जूनला त्याने त्या एवढ्याशा रायफलीने चक्क एक मूस पाडलं. मूस म्हणजे घोड्याहून मोठं हरीण. आता उन्हाळाभराची सोय झाली असं कोणालाही वाटावं. पण एवढं मांस टिकवायचं कसं हे त्याला येत नव्हतं. धुरी देऊन पाहिली, माश्या बसल्या, अळ्या पडल्या, काही दिवसांत ते सगळं लांडग्यांना सोडून द्यावं लागलं. तो प्राणी मारल्याचा त्याला नंतर पश्चात्ताप झाला. जुलैच्या सुरुवातीला तो परत निघाला तर एप्रिलमध्ये चालत ओलांडलेली टेक्लानिका नदी हिमनदीच्या पाण्याने फुगलेली. तो मागे फिरला, बसमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये तिथेच गेला. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना तो सापडला तेव्हा देहाचं वजन तीस किलोंच्या आसपास होतं. रानातल्या बिया विषारी निघाल्या की नुसत्या उपासमारीने गेला, यावर अजून वाद आहे.

त्याने नदी जिथे पाहिली तिथून एक किलोमीटरच्याही आत पाणी मोजणाऱ्यांची तारेवरची पाळणागाडी होती. तिच्यात बसून पलीकडे जाता आलं असतं. ती नकाशात होती. रायफल होती, काडतुसं होती, नकाशा नव्हता.

(ती बस २०२० च्या जूनमध्ये हेलिकॉप्टरने उचलून नेली. तिच्या दर्शनाला जाणाऱ्या लोकांना वाचवण्यात सरकार मेटाकुटीला आलं होतं, आणि दोघीजणी त्याच नदीत बुडाल्या होत्या.)

सशांचं तर आणखी वेगळंच आहे. सशाच्या अंगावर चरबी नसते, आणि नुसत्या सुक्या मांसावर राहणारा माणूस पोटभर खाऊनही खंगत जातो. ध्रुवप्रदेशात वर्षानुवर्षं काढलेल्या विल्ह्याल्मुर स्टेफान्सन यांनी याबद्दल लिहून ठेवलं आहे, उत्तरेकडच्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आणि ससा आधी दिसायला हवा, मग थांबायला हवा, मग सोलता यायला हवा. तांबडा-पांढरा रस्सा कसा करायचा याचा विचार चढावर चाललेला असतो, ससा अजून झुडपात : बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

पायरी सहावी : मदत मागणं

तीन गोळ्या लागोपाठ हवेत झाडणं हा जुना संकेत. तीन शिट्ट्या हाही तोच संकेत. शिकारीच्या मोसमातली समजून शिट्टीकडे कोणी दुर्लक्ष करत नाही, आणि ती पुन्हा भरावी लागत नाही. उपग्रहाला हाक मारणारी छोटी यंत्रं दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर मिळतात. त्यांतली ४०६ मेगाहर्ट्‌झवरची सरळ जागतिक बचावव्यवस्थेला तुमचा ठावठिकाणा कळवतात. आयफोन १४ पासूनच्या फोनमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिकेत ही सोय आलेली आहे. आणि निघताना घरी सांगावं : कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत, नाही आलो तर कोणाला फोन. ‘इथेच जरा जाऊन येतो’ हे उत्तर कोथरूडला चालतं, हॅरिमन स्टेट पार्कला नाही.

मग घ्यायची कोणी

अलास्कात छोट्या विमानातून नद्यांच्या वाळूवर उतरणाऱ्यांनी घ्यावी. तिथल्या जुन्या कायद्याने तर विमानात शिधा, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी यांच्याबरोबर बंदूक नेणं सक्तीचं होतं, पुढे बंदूक यादीतून निघाली. आठवडेच्या आठवडे कनूमधून उत्तरेकडे जाणाऱ्यांनी, सापळे लावणाऱ्यांनी, ज्यांच्या कोंबड्यांमागे प्राणी लागतात अशा शेतकऱ्यांनी घ्यावी. यांच्याकडे वजन वाहायला होडी, विमान किंवा ट्रक असतो, सोलायची सुरी त्यांना चालवता येते, आणि मुख्य म्हणजे त्यांचा नेम आधीपासून बसलेला असतो. मोडून ठेवता येणं हा त्यांच्या दृष्टीने लहानसा सोयीचा भाग आहे. आपल्याला वाटतं तसा तो चमत्कार नाही.

आपण, म्हणजे दहा मैलांची वाट चालून संध्याकाळी बारशाला पोहोचणाऱ्यांनी, ती डोंगरात नेऊ नये. अ‍ॅपलाचियन ट्रेल सांभाळणारी संस्थाही बंदुका आणू नका असंच सुचवते. माझं म्हणणं तिच्याहून जरा कडक आहे : ज्या पिशवीत रायफल आहे पण पावसाळी जाकीट नाही, त्या पिशवीच्या मालकाबरोबर मी चालणार नाही.

शेवटची पायरी : रायफल वापरणं

घेतलीच असेल, आणि कायद्याने घेतली असेल, तर तिला घेऊन रविवारी शूटिंग रेंजवर जावं. कानांना बोंडं, डोळ्यांना चष्मा. नळीचं तोंड कायम समोरच्या बांधाकडे, कोणी हाक मारली तरी वळताना नळी वळवायची नाही, आणि झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाबाहेर. काडतुसं घेताना चाळीस ग्रेनची, गोल नाकाची, वेगवान घ्यावीत. एआर-७ खाण्यापिण्याच्या बाबतीत फार चोखंदळ आहे, सपाट नाकाची किंवा मंद काडतुसं तिच्या घशात अडकतात. अडकलं तर घाबरू नये, मॅगझिन काढावं, खिट्टी मागे ओढावी, पाहावं, पुन्हा भरावं. पुढची माशी नारिंगी आहे, ती मागच्या भोकाच्या मधोमध धरावी. पंचवीस यार्डांवरचा कोकचा रिकामा डबा तिसऱ्या-चौथ्या गोळीला उडतो आणि आवाज असा येतो की पुढची गोळी आपोआप भरली जाते.

मॅगझिनमध्ये आठ गोळ्या मावतात, पेटीत पन्नास असतात. सहा वेळा भरून दोन उरतात, त्या पेटीतच ठेवाव्यात, खिशात टाकून सोमवारी ऑफिसला नेऊ नयेत. घरी आल्यावर नळी पुसावी, तेलाचा हात फिरवावा, तुकडे दस्त्यात भरावेत आणि दस्ता कुलपाच्या पेटीत. किल्ली मुलांना सापडणार नाही अशा जागी, आणि ती जागा स्वतःला आठवेल अशी असावी.